लिपी, संनिधी आणि विस्मय : ‘आउटर वाइल्ड्स’ ह्या खेळाचा एक विचार

१

संगणकावर खेळावयाच्या खेळांचा विचार विद्यापीठीय पत्रिकेत करावा की करू नये, ह्याविषयी आपल्या अभ्यासकवर्गात अद्याप एकमत नाही. ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली प्रसिद्ध झाले, त्यानंतर बराच काळ कादंबरीकडेही रिकामपणाचा उद्योग म्हणूनच पाहिले जात होते, हे स्मरले म्हणजे ह्या मतभेदाचे फारसे आश्चर्य वाटत नाही. एखादा प्रकार करमणुकीसाठी निर्माण झाला, एवढ्यावरून तो विचारास अपात्र ठरत नाही. त्यातून जो अनुभव मिळतो तो कोणत्या जातीचा आहे आणि तो घेणारे त्याविषयी काय बोलतात, हे पाहिल्यावरच त्याची पात्रता ठरवावी, हे उचित होय.

प्रस्तुत लेखात ‘आउटर वाइल्ड्स’ ह्या एकाच खेळाचा विचार करावयाचा आहे. अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात अ‍ॅलेक्स बीचम ह्यांनी पदव्युत्तर प्रबंधाच्या निमित्ताने ह्या खेळाचा आरंभ केला. पुढे ‘मोबियस डिजिटल’ ह्या संस्थेने तो पूर्णत्वास नेला आणि २०१९ च्या मे महिन्यात तो प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखनाची बाजू केल्सी बीचम ह्यांनी आणि संगीताची बाजू अँड्र्यू प्रालो ह्यांनी सांभाळली आहे. २०२० साली ब्रिटिश अकादमीने, म्हणजे बाफ्टाने, त्यास सर्वोत्कृष्ट खेळाचा पुरस्कार दिला. ही कीर्ती येथे दुय्यम आहे. ह्या खेळात शस्त्र नाही, शत्रूचा पाडाव नाही, गुण वा बक्षीस नाही. खेळाडूजवळ आरंभी जी साधने असतात जवळजवळ तीच अखेरपर्यंत राहतात, वाढत जाते ते केवळ ज्ञान. आणि हे ज्ञान मुख्यतः एका नामशेष झालेल्या लोकांचे लेख वाचून मिळते. भाषेच्या अभ्यासकाने ह्या खेळाकडे वळावे, ह्यास एवढे कारण पुरेसे आहे.

एक अडचण प्रारंभीच सांगून टाकावी. जे खेळून झाले आहे त्याविषयी न खेळलेल्यास काही सांगू नये, असा एक अलिखित दंडक ह्या खेळाच्या चाहत्यांत रूढ आहे, आणि तो कसोशीने पाळला जातो. समीक्षकाचे काम मात्र सांगण्यावाचून होत नाही. म्हणून विवेचनास आवश्यक तेवढेच येथे सांगितले आहे. ते प्राचीन लोक कसे नाहीसे झाले आणि खेळाचा शेवट कसा होतो, ह्या दोन गोष्टी वाचकाने स्वतःच शोधाव्यात.

२

खेळाचे विश्व म्हणजे एक चिमुकली सूर्यमाला. तीतील एका रानझाडीच्या ग्रहावर चार डोळ्यांचे, साधे, काहीसे गावरान म्हणता येतील असे लोक राहतात. लाकूड आणि पत्रा ठोकून केलेल्या यानातून ते अवकाशात जातात. खेळाडू हा त्यांच्यापैकीच एक नवशिका प्रवासी. त्याने कोठे जावे हे त्यास कोणी सांगत नाही. एका ग्रहाचे कवच तुकड्यातुकड्याने ढासळून पोटातील कृष्णविवरात पडत असते, दुसऱ्यावर अथांग समुद्र आणि बेटे उचलून फेकणारी वादळे, तर दोन जुळ्या ग्रहांपैकी एकावरील वाळू एका स्तंभाच्या रूपाने दुसऱ्यावर सांडत असते. ह्या सर्व घटना खेळाडू पाहत असो वा नसो, आपापल्या वेळी घडतात. खेळाडूसाठी कोणी थांबत नाही.

आणि बावीस मिनिटांनी सूर्य फुटतो. सर्व काही नष्ट होते, आणि खेळाडू पुन्हा त्याच शेकोटीपाशी, त्याच क्षणी डोळे उघडतो. जग पूर्ववत् असते, फक्त त्याची स्मृती शिल्लक असते. आपल्याकडील जुन्या कालगणनेत घटका चोवीस मिनिटांची. पाण्यावर सोडलेले घटिकापात्र तळाशी जाण्यास जेवढा वेळ लागे, त्याहून किंचित कमी वेळात येथे एक विश्व बुडते. जुळ्या ग्रहांमधील वाळू हे ह्या विश्वाचे घटिकापात्रच होय. वाळू सांडू लागली की एका ग्रहावरील पोकळ्या बुजतात आणि दुसऱ्यावरील पुरलेली दारे उघडी पडतात. म्हणजे काळ येथे केवळ मोजला जात नाही, तो पाहता येतो आणि त्यातून चालत जाता येते.

मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) मध्ये संवाद, विरोध आणि समतोल ह्या लयतत्त्वांच्या आधारे कलाकृतीच्या घटनेचा जो विचार मांडला, तो ह्या ठिकाणी उपयोगी पडतो. प्रत्येक फेरी मागच्या फेरीशी संवादी असते, कारण जग तेच असते. पण ती विरोधीही असते, कारण पाहणारा तो राहिलेला नसतो. पुनरावृत्तीचा कंटाळा येऊ न देता तिचे लयीत रूपांतर करणे, हे ह्या रचनेचे पहिले यश मानावे लागेल. हे यश निर्भेळ मात्र नाही. एखाद्या दुर्गम जागी पोचण्याच्या प्रयत्नात दोन पावले उरली असता सूर्य फुटतो आणि तीच वाट पुन्हा तुडवावी लागते. अशा तिसऱ्या-चौथ्या खेपेस लय उरत नाही, नुसती दगदग उरते. ज्या खेळाडूंनी हा खेळ अर्ध्यावर सोडला, त्यांच्या तक्रारींत ही तक्रार ठळक आहे, आणि ती रास्त आहे.

३

आता भाषेकडे वळू. ‘नोमाई’ हे त्या प्राचीन लोकांचे नाव. त्यांच्या वसाहती, शाळा, प्रयोगशाळा सर्वत्र भग्नावस्थेत आढळतात, आणि भिंतींवर त्यांचे लेख असतात. त्यांची लिपी सरळ ओळीत जात नाही. एका वक्त्याचे म्हणणे वेलीच्या ताणाप्रमाणे वळसा घेत जाते आणि त्यास दुसऱ्याने दिलेले उत्तर त्याच वळशातून फांदीसारखे फुटते. एका विधानास दोघांनी उत्तरे दिली असतील तर दोन फांद्या. म्हणजे येथील लेख ही एकट्याची रचना नाही, ती संभाषणाची आकृती आहे. कोण कोणास बोलले, हे अक्षरांवरून कळण्यापूर्वीच आकारावरून कळते. आपल्या मराठी गद्याच्या आरंभकाळी ‘लीळाचरित्रा’सारख्या ग्रंथात बोलणे जसेच्या तसे टिपून ठेवण्याची जी आस्था दिसते, तिचे स्मरण ह्या ठिकाणी होते.

परंतु ही लिपी खेळाडूस शिकावी लागत नाही. त्याच्याजवळ एक भाषांतरयंत्र असते. ते लेखासमोर धरले की क्षणार्धात अर्थ उमटतो. भाषावैज्ञानिकाचा पहिला आक्षेप येथे आहे, आणि तो किरकोळ नाही. नष्ट झालेल्या समाजाची भाषा पूर्णपणे, एकाही शंकास्थळावाचून, सर्वत्र सारखी वाचता यावी, हे ह्या खेळातील कृष्णविवराहून अधिक अद्भुत आहे! त्या लेखांत मुलांचे बोलणे आहे, वडीलधाऱ्यांचे आहे, शास्त्रज्ञांचे वाद आहेत. पण भाषांतरातून सर्वांची भाषा एकाच स्वच्छ, सभ्य पातळीवर येते. बोलीभेद नाही, पिढीपिढीत पडणारा फरक नाही, लेखनिकाची चूक नाही.

हा आक्षेप मला अधिक जाणवण्याचे कारण स्थानिक आहे. मी बेलापूरचा. अहिल्यानगर जिल्ह्याच्या श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या काठी हे गाव आहे. ह्याच तालुक्यात, ह्याच नदीच्या काठी दायमाबाद आहे. १९५८ साली बोपर्डीकरांनी हे स्थळ उजेडात आणले, आणि म. ना. देशपांडे, एस. आर. राव व साळी ह्यांच्या नेतृत्वाखाली १९५८ ते १९७९ ह्या काळात तेथे टप्प्याटप्प्याने उत्खनने झाली. १९७४ साली तेथे ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशा चार वस्तू सापडल्या. त्यांचे एकत्रित वजन सुमारे साठ किलो भरते. रथास दोन बैल जोडलेले असून त्यात एक पुरुष उभा आहे. तो कोण, ह्याचे उत्तर कोणत्याही भिंतीवर लिहिलेले नाही. उत्तर हडप्पा काळाच्या थरात मातीच्या मुद्रांवर आणि खापरांवर सिंधू लिपीची चिन्हे आढळली, हे खरे. परंतु ती चिन्हे आपल्यासमोर मूकच आहेत. इरावतम् महादेवन् ह्यांनी १९७७ साली सिद्ध केलेल्या सूचीत ह्या लिपीची ४१७ चिन्हे नोंदवली आहेत. उपलब्ध लेख सरासरीने अवघ्या पाचेक चिन्हांचे, आणि द्वैभाषिक लेख एकही नाही. त्यामुळे ह्या लिपीचे सर्वमान्य वाचन आजवर होऊ शकलेले नाही. ज्याचे बालपण अशा मूक चिन्हांच्या शेजारी गेले, त्यास नोमाईंचे बोलके लेख संशयास्पद वाटले तर नवल नाही.

ह्या बाबतीत दुसऱ्या दोन खेळांशी तुलना करता येईल. इंग्लंडातील ‘इंकल’ ह्या संस्थेचा ‘हेवन्स व्हॉल्ट’ हाही २०१९ चाच. त्यात एक पुरातत्त्वज्ञ स्त्री अवकाशातील विखुरलेल्या वस्त्यांतून हिंडून एका प्राचीन भाषेचे लेख वाचू पाहते. तेथे खेळाडूस शब्दांचे अर्थ तर्काने ठरवावे लागतात. चुकीचा तर्कही काही काळ खपून जातो आणि नवीन पुरावा मिळाल्यावर मागे घ्यावा लागतो. फ्रान्समधील ‘रंडिस्क’ ह्या संस्थेच्या ‘चांट्स ऑफ सेनार’ (२०२३) ह्या खेळात एका मनोऱ्याच्या निरनिराळ्या मजल्यांवर निरनिराळ्या लिपी आहेत आणि त्या संदर्भावरून उलगडावयाच्या आहेत. भाषाभ्यासाची पद्धती म्हणून पाहिले तर हे दोन्ही खेळ ‘आउटर वाइल्ड्स’च्या पुढे आहेत, असे प्रथमदर्शनी म्हणावेसे वाटते. माझेही आरंभी असेच मत होते.

४

ते मत मला बदलावे लागले. का, ते सांगतो.

वाक्यार्थबोधास आकांक्षा, योग्यता आणि संनिधी ह्या तीन गोष्टी आवश्यक असतात, हे आपल्या परंपरेने सांगून ठेवले आहे. एका पदास दुसऱ्या पदाची अपेक्षा असणे ही आकांक्षा, पदार्थांचा परस्परसंबंध संभवनीय असणे ही योग्यता, आणि पदे एकमेकांच्या निकट उच्चारली जाणे हा संनिधी. ‘गाय’ हा शब्द सकाळी आणि ‘आण’ हा शब्द प्रहरभराने उच्चारला तर वाक्य होत नाही, हे जुने उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे.

‘आउटर वाइल्ड्स’मध्ये भाषांतरयंत्र जे देते ते वाक्य होय, हा आपला समज चुकीचा आहे. व्याकरणदृष्ट्या ते वाक्य असते, पण अर्थाच्या दृष्टीने ते केवळ एक पद असते. एका ग्रहावरील भिंतीवर एखाद्या यंत्राचा उल्लेख येतो. ते यंत्र कशासाठी, हे दुसऱ्या ग्रहावरच्या संभाषणात असते. ते बंद का पडले, हे तिसरीकडे एखाद्या बंद दाराच्या आड असते. म्हणजे नोमाईंचा सर्व लेखसंग्रह हे एकच प्रचंड वाक्य असून त्याची पदे सूर्यमालाभर विखुरलेली आहेत. त्यांच्यात आकांक्षा आहे. नाही तो संनिधी, आणि तो खेळाडूने आपल्या प्रवासाने निर्माण करावयाचा आहे. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जो जातो, तो वाक्याचा अन्वय लावीत असतो. यानातील नोंदवहीत निरनिराळ्या शोधांना जोडणाऱ्या रेघा उमटत जातात. तो ह्या अन्वयाचा तक्ताच होय.

योग्यतेचा प्रकार तर अधिक सूक्ष्म आहे. ह्या सूर्यमालेत एक चंद्र असा आहे की तो आज एका ग्रहापाशी तर उद्या दुसऱ्यापाशी दिसतो, आणि त्याच्यावरची नजर काढली की तो नाहीसा होतो. त्याविषयीची नोमाईंची विधाने प्रथम वाचताना ‘अग्नीने शिंपतो’ ह्या प्रसिद्ध उदाहरणासारखी अयोग्य वाटतात. पुढे त्या विश्वाचा नियम कळतो आणि त्याच विधानांना योग्यता प्राप्त होते. शब्द बदललेले नसतात, वाचणाऱ्याचे जगाविषयीचे ज्ञान बदललेले असते. योग्यता ही शब्दांत नसून वस्तुज्ञानात असते, हे वर्गात तासभर समजावून जे साधत नाही, ते येथे अनुभवाने साधते.

आणखी एक उदाहरण देतो. प्रत्येक फेरीच्या आरंभी खेळाडू डोळे उघडतो तेव्हा आकाशात एका हिरव्या ग्रहापाशी काहीतरी फुटताना दिसते. पहिल्या क्षणापासून ते दृश्य समोर असते, परंतु बहुतेकांचे तिकडे लक्ष जात नाही, आणि गेले तरी त्याचा अर्थ लागत नाही. अनेक फेऱ्यांनंतर, दूर कोठेतरी एक लेख वाचताना, त्या स्फोटाचा अर्थ कळतो. चिन्ह तेच, पण आता ते बोलू लागते. दायमाबादच्या मुद्रेकडे पाहताना अभ्यासकास जो क्षण हवाहवासा वाटतो, तो हाच. खेळकर्त्यांनी लिपीचे कोडे बाजूस सारले ते आळसाने नव्हे. त्यांना अक्षराहून मोठे कोडे घालावयाचे होते. ‘हेवन्स व्हॉल्ट’मध्ये शब्द उलगडतो आणि जग गृहीत असते. येथे शब्द गृहीत असतो आणि जग उलगडते. भाषांतराच्या निर्दोषपणाविषयीचा माझा आक्षेप मी मागे घेत नाही, परंतु तो ह्या कलाकृतीच्या गाभ्यास लागत नाही, एवढे मान्य करतो.

५

आता खेळाडूंच्या प्रतिक्रियांचा विचार करू. जगभरच्या खेळाडूंनी ह्या खेळाविषयी जे बोलले-लिहिले, त्यात स्थूलमानाने चार सूर ऐकू येतात. पहिला वैतागाचा : काय करावयाचे ते कळत नाही, यान आवरत नाही, वेळ पुरत नाही. दुसरा भयाचा : समुद्राच्या पोटात उतरताना, किंवा काटेरी वेलींनी व धुक्याने भरलेल्या ‘डार्क ब्रॅम्बल’मध्ये शिरताना वाटलेली भीती. तिसरा शोकाचा, आणि त्यातूनच येणाऱ्या एका शांततेचा : शेवटी डोळ्यांत पाणी आले, मृत्यूविषयी निराळा विचार मनात आला. चौथा सूर सर्वांत विलक्षण आहे : हे सर्व विसरता आले असते आणि पुन्हा प्रथमपासून खेळता आले असते, तर किती बरे झाले असते!

रसव्यवस्थेच्या भाषेत बोलावयाचे तर येथे अद्भुत हा अंगी रस असून भयानक व करुण ही त्याची अंगे आहेत, आणि पर्यवसान शांतात होते. परंतु केवळ नावे देऊन भागत नाही. अद्भुताचा स्थायी भाव विस्मय, आणि विस्मय ज्ञानाने शमतो. मग ज्ञान हेच ज्याचे फळ, त्या खेळात विस्मय टिकतो कसा? त्याचे उत्तर असे की येथे प्रत्येक उलगडा पूर्वीहून मोठ्या प्रश्नाचे दार उघडतो. हा क्रम संपला की खेळही संपतो, आणि मग विस्मृतीची ती इच्छा उत्पन्न होते.

मराठी बोलणाऱ्या तरुण खेळाडूंचे बोलणे ऐकताना मला एक व्याकरणिक गोष्ट जाणवली. तिला मी नियम म्हणत नाही, निरीक्षण म्हणतो. इतर खेळांविषयी बोलताना त्यांची क्रियापदे सकर्मक आणि कर्तृत्ववाचक असतात. ‘मी त्याला उडवला’, ‘मी लेव्हल संपवली’, ‘आम्ही जिंकलो’. ह्या खेळाविषयी बोलू लागले की वाक्यरचना बदलते. ‘मला दिसलं’, ‘मला सापडलं’, ‘मला भीती वाटली’, आणि विशेष म्हणजे ‘मला तो खेळ कळला’. इतर खेळ संपवला जातो, हा मात्र कळतो. ‘मला कळले’ ह्या वाक्यातील ‘मला’ हे पद कर्ता मानावे की नाही, ह्यावर आपल्या वैयाकरणांनी पुष्कळ खल केला आहे. तो वाद येथे सोडून देऊ. परंतु अशा रचनेत व्यक्ती करणारी नसते, तिला काही घडते, काही प्राप्त होते, एवढे निश्चित. ती कर्ता नसून अनुभवक असते. शस्त्र हातातून काढून घेतले म्हणजे खेळाडूचा कर्तेपणा कसा पालटतो, ह्याची साक्ष त्याच्या विभक्तीनेच दिली आहे.

ह्यास एकच अपवाद आढळला. सूर्य फुटला, यान आदळले, हवा संपली, की प्रत्येकजण हसत म्हणतो, ‘मेलो’. व्यवहारात हे क्रियापद प्रथमपुरुषी भूतकाळात केवळ अतिशयोक्तीने वापरता येते, कारण त्याचा वाच्यार्थ बोलणाऱ्यास कधीच लागू पडत नाही. न. चिं. केळकरांनी १९२१ साली बडोद्याच्या साहित्यसंमेलनात वाङ्मयानंदाची मीमांसा करताना ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली होती. वाचक परकीय भूमिकेशी तद्रूप होतो आणि त्याच वेळी स्वतःची भूमिकाही सोडीत नाही, असा तिचा आशय. ‘मेलो’ असे म्हणून जो पुन्हा यानात बसतो, त्याच्याहून ह्या समाधीचे स्पष्ट उदाहरण कादंबरीच्या वाचकातही सापडणे कठीण.

चौथ्या सुराकडे पुन्हा वळू. पुन्हा खेळता येत नाही म्हणून ह्या खेळाचे चाहते एक वेगळाच मार्ग काढतात. ते हा खेळ दुसऱ्या कोणास तरी देतात आणि तो खेळत असता शेजारी बसून पाहतात. सांगावयाचे काही नाही, केवळ पाहावयाचे. ही प्रथा अनेकांच्या बोलण्यात येते, आणि तिच्यात वर सांगितलेल्या पेचाचे उत्तर आहे. आपल्याकडे कीर्तनास बसलेल्या श्रोत्यांना आख्यान तोंडपाठ असते. हरिश्चंद्राचे पुढे काय होणार, हे कोणास ठाऊक नसते? तरीही डोळे भरून येतात. कारण कथेच्या अज्ञानातून मिळणारा आनंद वेगळा, आणि जाणत्याने पुन्हा घेतलेला आस्वाद वेगळा. ह्या खेळात पहिला आनंद एकदाच मिळतो. दुसरा मिळण्यासाठी मात्र शेजारी एक न जाणणारा माणूस लागतो. म्हणून हा एकट्याने खेळावयाचा खेळ अखेर दोघांचा होतो.

६

मी स्वतः ह्या दोन्ही भूमिकांतून गेलो. दिवाळीच्या सुटीत बेलापुरी घरी असता माझा भाचा हा खेळ खेळत होता आणि मी शेजारी बसलो होतो. काही न बोलण्याचा दंडक पाळण्याचा मी निश्चय केला होता. तो अर्ध्या तासात मोडला, पण निराळ्या कारणाने. यंत्राने नोमाईंचा लेख उलगडून दाखवला तो इंग्रजीत. दोन ओळी वाचून तो थांबला आणि म्हणाला, “मामा, हे काय म्हणतायत?”

हा खेळ मराठीत उपलब्ध नाही. म्हणजे आपल्या खेळाडूपुरते ते भाषांतरयंत्र अर्ध्या वाटेवरच थांबते. उरलेली वाट त्याने स्वतःच्या इंग्रजीवर चालावयाची, किंवा शेजारी बसलेल्या मामावर. ज्यास इंग्रजी सहज येते, त्यास नोमाईंची भाषा पारदर्शक, ज्यास येत नाही त्यास ती खरोखरच परग्रहाची. वर मी ज्या संनिधीची प्रशंसा केली, तो ह्या दुसऱ्या खेळाडूच्या वाट्यास येतच नाही. त्याला पदांचेच अर्थ लागत नाहीत, मग अन्वय कोठून लागणार? तो ग्रह पाहतो, वादळे पाहतो, सूर्य फुटताना पाहतो, आणि खेळ छान आहे असे म्हणून बाजूस ठेवतो. अर्ध्यावर खेळ सोडणाऱ्यांच्या वैतागात ह्या कारणाचा वाटा किती, हे तपासून पाहण्यासारखे आहे. कारण ‘काय करायचं ते कळत नाही’ ह्या एकाच वाक्यात दोन अगदी भिन्न तक्रारी दडलेल्या असू शकतात.

मग मी वाचून मराठीत सांगू लागलो. माझी आई पलीकडे वाती वळीत बसली होती. तिला पडद्यावरचे काही दिसत नव्हते, केवळ ऐकू येत होते. बऱ्याच वेळाने तिने विचारले, “अरे, पण ही माणसं गेली कुठं?” भाचा म्हणाला, “आजी, तेच तर शोधतोय.” तिचे हात चालूच होते. “लिहून ठेवलं म्हणून तुम्हाला विचारता तरी येतंय,” ती म्हणाली. शेतात नांगराला लागणारी खापरे तिने लहानपणापासून पाहिली आहेत, तिच्या मनात काय असेल हे मला सांगावयास नको होते.

मराठीत सांगताना मला जी अडचण आली तीही नोंदवतो. नोमाई एकमेकांस कसे संबोधतात? इंग्रजीत सर्वांना एकच सर्वनाम. मराठीत मला प्रत्येक वेळी ‘तू’ की ‘तुम्ही’ हे ठरवावे लागले, आणि ते ठरवण्यासाठी कोण वडील, कोण धाकटा, कोण कोणाशी रागावून बोलतो, हे आधी समजून घ्यावे लागले. भाषांतरयंत्राने ज्या पायऱ्या सपाट केल्या होत्या, त्या मराठीने पुन्हा घडवावयास लावल्या. तिसऱ्या अंकातील आक्षेपास अशा रीतीने अनपेक्षित उत्तर मिळाले. पुढे हा खेळ, किंवा ह्यासारखा दुसरा, मराठीत येईल तेव्हा ते काम केवळ शब्दांस प्रतिशब्द देण्याचे राहणार नाही. ते अन्वयार्थाचे काम असेल.

७

विज्ञानकथेस मराठीत परंपरा नाही असे नव्हे. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप ह्या टोपणनावाने आलेली ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. ती जयंत नारळीकरांची होती. पुढे २०२५ साली दिवंगत होईपर्यंत त्यांनी ह्या प्रकारास मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली, आणि २०२१ च्या नाशिक संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. तथापि आपल्या विज्ञानकथेचा कल बहुधा समजावून सांगण्याकडे राहिला आहे. तिच्यात बहुधा एखादा जाणता असतो आणि तो नेणत्यास नियम सांगतो. ‘आउटर वाइल्ड्स’मध्ये असा जाणता नाही. कृष्णविवर म्हणजे काय, हे खेळाडू त्यात पडून शिकतो. हा फरक केवळ माध्यमाचा नसून वाचकावरील विश्वासाचाही आहे, आणि आपल्या कथाकारांनी त्याचा विचार करावा असे मला वाटते.

खेळनिर्मितीही महाराष्ट्रात होऊ लागली आहे. पुण्यातील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ ह्या संस्थेचा ‘राजी’ हा खेळ २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात पुराणकथा आहेत, पहाडी चित्रशैली आणि छायाबाहुल्या ह्यांचा सुंदर उपयोग आहे. पुण्याच्याच ‘सुपरगेमिंग’चा ‘इंडस’ हा २०२४ चा खेळ भारतीय कल्पनेचे भविष्यकालीन विश्व उभे करतो, परंतु त्या विश्वात खेळाडूने करावयाचे ते युद्धच. चित्र आपले झाले, क्रियापद अद्याप ‘मारणे’ हेच आहे. ‘कळणे’ ह्या क्रियापदावर उभा असलेला खेळ आपल्याकडे व्हावयाचा, तर त्यास सामग्रीची वाण नाही. जोर्वे, नेवासे, दायमाबाद ही तिन्ही स्थळे एकट्या प्रवरेच्या काठी आहेत. नेवाशासच शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली, आणि तिची मराठी आज आपल्याला थोड्या सायासाने वाचता येते. वाचता येणारा शब्द, सायासाने वाचता येणारा शब्द आणि मुळीच न वाचता येणारे चिन्ह, ह्या तिन्ही पायऱ्या एका नदीच्या काठाने चालत गेल्यास ओळीने भेटतात.

तूर्त भाषाभ्यासकांनी करण्याजोगे काम लहान, परंतु निकडीचे आहे. मराठी बोलणारे खेळाडू खेळताना आणि खेळून झाल्यावर काय बोलतात, ते ध्वनिमुद्रित करून ठेवावे. त्यांच्या विभक्ती, त्यांची सर्वनामे, इंग्रजी शब्द ते कोठे घेतात आणि कोठे अडखळतात, हे सारे नोंदवावे. वर मांडलेले अनुभवकाचे निरीक्षण अशा सामग्रीवर टिकते की कोसळते, हे त्यातूनच ठरेल. आणि हे काम पुढच्या पिढीवर टाकण्यासारखे नाही, कारण बोलणे टिपून ठेवले नाही तर त्याच्या खुणा भिंतींवर आपोआप उमटत नाहीत.